तिसरं लाल कार्ड

बसस्टँडसमोरच्या हॉटेलात मैना आहेर मिसळ खायला शिरल्या, तेव्हा एकच खुर्ची रिकामी होती. आणि तिच्या समोर नेमके तेच गृहस्थ बसले होते... ज्यांनी दोन तासांपूर्वी त्यांच्या शिष्येला, आरोहीला, चालण्याच्या शर्यतीतून बाहेर काढलं होतं.

मागं फिरावं असं क्षणभर वाटलं. पण सकाळपासून पोटात काही नव्हतं.

"बसा ना मॅडम," ते म्हणाले. "मिसळीवरून तर आपलं भांडण नाही."

"म्हणजे कशावरून आहे, ते माहीत आहे तुम्हाला."

"तिसरं लाल कार्ड माझं होतं," ते शांतपणे म्हणाले. तीन जजची तीन लाल कार्डं झाली की खेळाडू बाहेर. "मी दराडे. येवल्याला शाळेत चित्रकला शिकवायचो. आता रिटायर आहे."

मैनाबाई बसल्या. देवळ्याहून त्या नाशकात आल्या, त्याला चौतीस वर्षं झाली होती. तेवढी वर्षं ग्राउंडवर पोरं पळवण्यात, चालवण्यात, उड्या मारायला लावण्यात गेली होती. त्यांच्या मुली पोलिसात लागल्या, रेल्वेत लागल्या. प्रत्येकीच्या लग्नात मॅडमना पहिल्या रांगेत खुर्ची असायची. स्वतःचं लग्न मात्र या सीझननंतर, त्या सीझननंतर करता करता राहूनच गेलं होतं.

"चालण्याची शर्यत मी आजपासून शिकवत नाही सर," त्या म्हणाल्या. "एक पाय सतत जमिनीवर हवा, आणि पुढचा पाय टेकताना गुडघा सरळ हवा. आरोहीचा गुडघा सरळ असतो. रोज बघते मी."

"डावा सरळ असतो," दराडे सर म्हणाले. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, टेबलावरचा कागद ओढला आणि चार रेषांत एक चालती मुलगी काढली. आरोहीच होती ती. तीच पुढं झुकलेली मान, तीच घट्ट मूठ. "हा उजवा बघा. टेकताना किंचित वाकतो. काही लागलं होतं का तिला?"

"दोन वर्षांपूर्वी सायकलवरून पडली होती. पण बरा झालाय तो."

"दुखायचा थांबला असेल. पोर अजून भीतभीतच टाकते तो पाय." मग त्यांनी हळूच विचारलं, "सरावाला तुम्ही कुठं उभ्या राहता?"

"ट्रॅकच्या आत. स्टॉपवॉच घेऊन. सगळेच कोच तिथं उभे राहतात."

दराडे सर पाव मोडत राहिले. आणि मैनाबाईंच्या हातातला चमचा थांबला. ट्रॅकवर सगळे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. आत उभ्या राहणाऱ्याला कायम त्यांची डावी बाजूच दिसते... चौतीस वर्षं!

"तर्री घ्या," दराडे सर म्हणाले. "गार होतेय."

पुढच्या शनिवारी मैनाबाई ट्रॅकच्या बाहेर उभ्या राहिल्या. त्याच शनिवारी सकाळच्या गाडीनं दराडे सरही येऊन टपकले. काखेत चित्रांची वही.

"येवल्याहून इतक्या लांब? सहज?" मैनाबाईंनी विचारलं.

"गुडघे चांगले आहेत तुमच्याकडच्या पोरांचे. काढायला बरे."

मग दर शनिवारी ते येऊ लागले. डिसेंबरच्या थंडीत पायरीवर बसून चित्रं काढायचे. सराव चालू असतानाच चहा व्हायचा. कपातून वाफ निघायची, आणि बोलणं गुडघ्यावरून सुरू होऊन कुठं कुठं जायचं. त्यांची बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती, मुलगी नांदगावला दिली होती. ते स्वयंपाक स्वतः करायचे, भाकरी मात्र अजून गोल होत नव्हती.

"चित्रकलेच्या मास्तरला गोल जमत नाही?" मैनाबाई हसल्या.

"कागद फुगत नाही ना मॅडम." मग थांबून म्हणाले, "हा निळा ट्रॅकसूट नवा का?"

"तीन वर्षांचा आहे."

"असेल... मला आज दिसला."

मैनाबाईंनी उगाच शिट्टी फुंकली. पोरं दचकून थांबली.

"मॅडम, आमचं काय चुकलं?" आरोहीनं विचारलं.

"काही नाही. चाला तुम्ही."

"सर आले की लय शिट्ट्या वाजतात हो मॅडम," ती म्हणाली आणि पुढं सटकली. तिचा उजवा गुडघा आता सरळ पडू लागला होता.

फेब्रुवारीत राज्य स्पर्धा नाशकातच ठरली. जजच्या यादीत दराडे सरांचं नाव होतं. यादी लागली त्या दिवशी महेश, दुसऱ्या क्लबचा कोच, सगळ्यांसमोर म्हणाला, "आहेर मॅडमना काय टेन्शन? जज घरचाच आहे."

लोक हसले. मैनाबाईही हसल्या, पण यादी पुन्हा पुन्हा वाचत राहिल्या. आरोही पहाटे पाचला उठून येत होती. उद्या ती जिंकली, तर मेडल तिचं आणि चर्चा मॅडम आणि सरांची. आणि ज्या माणसाच्या कार्डावर पंचवीस वर्षांत कुणी बोट ठेवलं नव्हतं, त्याचंही नाव खराब होणार.

शनिवारी त्या सरांना म्हणाल्या, "यापुढं येऊ नका. स्पर्धा होईपर्यंत तरी."

"आणि नंतर?"

"नंतर दुसरी स्पर्धा असते सर. माझं असंच आहे."

त्यांनी वही मिटली. "बरं," एवढंच म्हणाले.

तीन शनिवार गेले. मैनाबाई चहा प्यायच्या, पण कपातला अर्धा तसाच राहायचा.

शर्यतीच्या सकाळी मांडवात जज आणि कोच यांची बैठक होती. मुख्य जज नौशाद सरांनी नावं वाचली आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "या शर्यतीतल्या खेळाडूशी किंवा कोचशी कुणा जजचं नातं असेल तर आत्ताच सांगा." दरवर्षी हा प्रश्न व्हायचा, आणि दरवर्षी कुणी मान वर करून बघायचंही नाही.

दराडे सर उभे राहिले. "माझं नाव कमी करा."

"का? कोण लागतं तुमचं?"

"आहेर मॅडम."

नौशाद सरांनी चष्मा काढला. "मॅडम तुमच्या कोण लागतात?"

"अजून कुणीच नाही," दराडे सर म्हणाले. "पण लागाव्यात अशी माझी इच्छा आहे. म्हणजे नजर साफ राहणार नाही. लिहून घ्या."

मांडवातली सगळी डोकी आहेर मॅडमकडे वळली. महेश मोबाइलमध्ये काहीतरी शोधू लागला.

"याला फॉर्मवर रकाना नाही हो सर," नौशाद सर म्हणाले.

"मग 'इतर'मध्ये टाका."

मैनाबाईंचे कान तापले होते. बाहेर येताच त्यांनी सरांना गाठलं. "मला आधी विचारायचं होतं ना."

"मुख्य जजला आधी सांगायचं, असा नियम आहे."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर पुढच्या वर्षी पुन्हा कार्डं घेऊन उभा राहीन. त्यात काय..." 

तेवढ्यात शर्यतीची घोषणा झाली. मैनाबाई ट्रॅकच्या बाहेरच्या कठड्याकडे निघाल्या. चार पावलं जाऊन थांबल्या. "येताय ना? आता तुम्हाला तिकडं काम नाही."

दोघं कठड्याला टेकून उभे राहिले. बंदूक वाजली. मुली निघाल्या, आरोही तिसरी. पहिली फेरी, दुसरी फेरी... मैनाबाई समोर बघत राहिल्या. मग समोरच बघत म्हणाल्या, "हो."

"काय हो?"

"तुम्ही 'इतर'मध्ये टाकायला सांगितलंत ते."

तेवढ्यात मुली समोरून सपसप निघून गेल्या. आरोही आता दुसरी होती.

"गुडघा कसा पडला हो आत्ता?" मैनाबाईंनी घाईघाईनं विचारलं.

त्यांनी वळून पाहिलं. सर ट्रॅककडे बघतच नव्हते.

"बघितला नाही," ते म्हणाले.