भिंतीतला वाटा

घराची किंमत आता चौरसफुटांवर ठरत नसे. भिंतींनी काय ऐकलं, यावर ठरे. गिलाव्यातले सूक्ष्म स्फटिक घरातल्या बोलण्याची कंपनं साठवतात, हे सिद्ध झालं होतं. मूल्यमापक या 'ध्वनिठशा'ला मंद उष्णता देऊन कोण कुणाशी किती मायेनं बोललं, याचे टक्के काढत. मायेचं घर महाग जाई. मात्र ऊब लागली की ठसा वाचला जाई आणि विरूनही जाई, त्यामुळे मोजणी एकदाच. नियमही कडक होता: मूल्यमापकानं नात्यातलं घर मोजायला घ्यायचं नाही.

मूल्यमापक असलेल्या उत्तरानं आपल्या वडिलांचं, अप्पांचं, नाशिकचं घर मोजायला घेतलं. अप्पांना जाऊन तीन महिने झाले होते. धाकटी बहीण वैजू शेवटपर्यंत त्यांच्याजवळ होती, आणि भेटायला येणारा प्रत्येक जण तिच्याच पाठीवरून हात फिरवून गेला होता. अप्पा दोघींत कसे वाटले गेले, हे परक्याच्या अहवालात वाचायची उत्तराची तयारी नव्हती. सासरच्या आडनावाआड तिनं 'संबंध नाही' असं लिहून सही केली.

मोजणीत निघालं: वैजू एक्क्याण्णव टक्के. उरलेले नऊ शेजाऱ्यांचे आणि स्वयंपाकाच्या बाईंचे. उत्तरा शून्य.

चोवीस वर्षं ती त्या घरात राहिली होती. यंत्र बिघडलंय, असं सांगत ती ते बनवणाऱ्या डॉक्टर केळुसकरांकडे गेली.

"सुरू करताना यंत्राला तुमचा आवाज दिलात?" त्यांनी विचारलं.

"नेहमीच देते."

मोजताना मूल्यमापक बोलतो. ते हिशेबात येऊ नये, म्हणून यंत्र त्याचा आवाज ओळखून वगळतं, त्याला मिळालेली उत्तरंही वगळतं, असं त्यांनी समजावलं. हे तिला पाठ होतं. परक्या घरांत त्यानं कधी काही बिघडलं नव्हतं.

"घर कुणाचं होतं?" त्यांनी हळूच विचारलं. तिनं सांगितलं.

"वगळलेलं कुठं राहतं, डॉक्टर?"

"कुठंच नाही."

संध्याकाळी वैजू अहवाल घेऊन आली. "ताई, तुला शून्य? यंत्र खुळं आहे तुझं. मी पान वाढायचे आणि अप्पा मलाच म्हणायचे, 'उत्तरा, मीठ राहिलं.' इतका राग यायचा तुझा. पुन्हा मोज."

"आता भिंतीत काही नाही, वैजू. मोजलं की जातं."

वैजूनं हातातला अहवाल खाली ठेवला. "म्हणजे माझंही?"

"तुझंही," उत्तरा म्हणाली, आणि तिच्या आवाजातलं समाधान वैजूला स्पष्ट ऐकू आलं.