हातभर कमी

धाकट्याचं कामच ते. ऑफिसांतल्या मीटिंगच्या खोल्यांमध्ये जायचं आणि साहेबांचे कॉम्प्युटर मोठ्या पडद्यांना जोडून द्यायचे. पडद्यावर चित्र उमटलं नाही की सगळे याच्याच नावानं ओरडायचे, आणि हा पाच मिनिटांत काम फत्ते करून बाहेर पडायचा. त्याच्या वडिलांनी आठ महिने तेच पाच मिनिटांचं काम मागितलं, तेव्हा मात्र पठ्ठ्याला सवड झाली नाही.

बाबांची नजर अधू झाली होती. रोज दुपारी ते कॉम्प्युटरवर काहीबाही टाइप करत बसायचे. अक्षरं दिसेनाशी झाली, तेव्हा टीव्हीवर मोठी दिसतील, एवढीच त्यांची अपेक्षा होती. आता ते जाऊन तीन महिने झाले होते, आणि आज धाकटा पिशवीत चांगली लांब केबल घेऊन आला होता. आईनंच बोलावलं होतं.

"ह्यांनी काय लिहून ठेवलंय, एकदा वाचू दे रे मला," ती म्हणाली. "टीव्हीवर सगळं मोठं दिसतं म्हणायचे."

बाहेर लख्ख ऊन होतं. टीव्हीच्या काचेवर उजेड येत होता म्हणून आईनं पडदे ओढून घेतले आणि खोली एकदम अंधारली. गुडघ्यांना चोळायच्या बामचा वास आला. तो बाबांचा वास होता. आई तर बाम लावत नव्हती.

धाकटा कॉम्प्युटरच्या टेबलाशी गेला आणि थबकला. टेबल भिंतीपासून सुटलं होतं. फरशीवर त्याच्या पायांचे ओरखडे होते, टीव्हीच्या दिशेनं गेलेले.

"आई, हे टेबल कोणी ओढलं?"

"कोण ओढणार? मी रोज भिंतीला लावते. सकाळी बघावं तर वीतभर पुढे. फरशीला उतार असेल."

त्यानं खिशातलं पेन काढून फरशीवर आडवं ठेवलं. ते जागचं हललं नाही. त्यानं ते गुपचूप उचलून खिशात घातलं.

त्या दिवशी बाबा या टेबलापाशीच पडलेले सापडले होते. आई बाहेर गेली होती, दोन तासांनी परतली. चक्कर आली असेल, डॉक्टर म्हणाले. टेबल खोलीच्या मधोमध आलं होतं, पण उचलाउचलीच्या गडबडीत कुणाचा तरी धक्का लागला असेल, असं सगळे धरून चालले. धाकट्यानंही मान डोलावली. खरं काय ते त्याला एकट्याला माहीत होतं, आणि तीन महिने त्यानं ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्या दुपारी बाबांचा फोन आला होता. "अरे, मीच केबल आणली. पण हातभर कमी पडतेय. टेबल पुढे घ्यावं लागेल. तू येऊन नुसती एक बाजू धर, बाकी मी बघतो."

"उद्या येतो, बाबा," तो म्हणाला होता. त्या वेळी तो काही कामात नव्हता. चहा पीत बसला होता.

केबल जोडली. टीव्ही क्षणभर काळा राहिला आणि मग उजळला. बाबांची फाइल उघडली होती. आपण ती उघडली का, हे धाकट्याला आठवेना. टीव्हीभर मोठाली अक्षरं पसरली, आणि सोफ्यावरून आई एकेक शब्द लावत वाचू लागली.

"धाकट्याला फोन केला... उद्या येतो म्हणाला." ती कौतुकानं हसली. "धाकट्याला फोन केला. उद्या येतो म्हणाला... हे काय रे, रोज हेच?"

ओळी आपोआप वर सरकत होत्या. शेवटची तारीख जवळ येत होती. तिच्यापुढे काय असणार, ते तो ओळखून होता, आणि पुढच्या क्षणाला आईही वाचणार होती.

त्यानं केबल उपटली. टीव्ही काळा पडला.

"गेलं का रे?"

"केबल खराब आहे, आई. उद्या दुसरी घेऊन येतो."

शब्द तोंडातून गेला आणि त्याची त्यालाच शरम वाटली. अंधारात बामचा वास वाढला, अगदी कानाशी कुणी वाकावं इतका.

टीव्ही पुन्हा उजळला.

केबलचं टोक धाकट्याच्या मुठीत होतं. त्यानं खाली पाहिलं, मग वर पाहिलं. आई पुढे झुकून वाचत होती, आता हळू आवाजात.

"केबल हातभर कमी पडली... एक बाजू धरायला ये म्हटलं... उद्या येतो म्हणाला." ती थांबली. "त्याच दिवसाची तारीख आहे ही."

"आई..."

"तुला ठाऊक होतं?"

"हो," तो म्हणाला आणि रडू लागला. "मी रिकामाच होतो गं. रिकामाच बसलो होतो."

आईनं त्याला जवळ घेतलं नाही आणि दूषणही दिलं नाही. तिची नजर टीव्हीवरून हलत नव्हती.

"अजून एक ओळ आहे," ती पुटपुटली. "तारीख... आजची आहे रे."

त्यानं डोळे पुसून वाचलं. *आज धाकटा आला. टेबल जड आहे. एक बाजू धर.*

केबल चांगली लांब होती. टेबल हलवायची काहीच गरज नव्हती. तरी धाकटा गेला, वाकला आणि त्यानं टेबलाच्या कडेखाली दोन्ही हात घातले.

दुसरी बाजू आधीच उचललेली होती.