उलटं टांगलेलं जाळं

"हे जाळं उलटं टांगलंय, मॅडम."

क्षिप्रा शिडीवरच थबकली. नौपाड्यातल्या त्या छोट्याशा संग्रहालयात खाडीचं दालन मांडता मांडता तिचे तीन आठवडे गेले होते. आणि ऑक्टोबरच्या उन्हातून घडीभर पंख्याखाली टेकायला आलेला हा मुलगा चूक काढत होता!

"बुचं तरंगतात, म्हणून वर. शिशाच्या गोळ्या बुडतात, म्हणून खाली. असं टाकलंत तर माशांऐवजी बगळे मिळतील."

तिला हसू आवरेना. तो दिपेश, चेंदणीच्या कोळीवाड्यातला. जाळं त्यानंच सोडवून सरळ बांधलं. कुणाची वेणी घालावी तशी हळुवार फिरत होती त्याची बोटं...

मग दर रविवारी तो येऊ लागला. एकदा निवटीच्या बरणीपुढे थांबला.

"'पाण्यातच राहणारा मासा' कोणी लिहिलं? ओहोटीला या एकदा. चिखलात कशी टणाटण उड्या मारते बघा!"

ती गेली. चंदेरी चिखल, लांबवर रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ, आणि तिवरांतल्या निसरड्या वाटेवर पुढे आलेला त्याचा हात. डोंबिवलीला घरी पोचल्यावरही चपलेवरचा चिखल तिला पुसावासा वाटेना.

दिवाळीपर्यंत एकेक पाटी सुधारली. शेवटी त्यानं सगळं दालन सावकाश फिरून पाहिलं.

"एकही चूक नाही," तो म्हणाला. आवाज पडलेला. "आता माझं काय काम इथे?"

क्षिप्रा सरळच असलेली एक पाटी उगाच सरळ करत राहिली. पुढचा रविवार रिकामा गेला. त्याच्या पुढचाही.

तिसऱ्या रविवारी ती शिडीवर चढली. मग जाळ्याचा फोटो काढून तिनं त्याला पाठवला — "हे बरोबर आहे ना?"

वीस मिनिटांत तो दारात! धापा टाकत, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.

"बुचं खाली? कोणी केलं हे?"

"मी."

"...मुद्दाम?"

तिनं मान खाली घातली. "चूक नसली तरी येत जा ना."

"अगं, हे आधी सांगायचं! दोन रविवार समोरच्या फुटपाथवर चकरा मारतोय मी. वॉचमनपण संशयानं बघायला लागला."

दोघंही हसली. त्यानं शिडी लावली, जाळ्याचं एक टोक तिच्या हातात दिलं.

"तुझ्या बाजूची गाठ तू सोडव."

"सावकाश हं," ती म्हणाली. "घाई नाहीये मला."