सिस्टर, माझ्या मुलीला सांगाल?

"हात लावू नकोस बाबांना! दुसरी सिस्टर बोलाव!"

भावाचा आवाज वॉर्डभर घुमला आणि ओल्या कापसाचा बोळा ताईच्या हातातच राहिला... उभा जन्म याच वॉर्डात गेला होता तिचा. लोकांची घाण उपसली होती, शिव्या खाल्ल्या होत्या, आणि तरीही परक्याच्या उशाशी बसून त्याचं कण्हणं ऐकणं हीच पूजा, असं ती मनोमन मानत आली होती. आज मात्र पाठच्या भावाने चारचौघांत तिलाच परकी केलं!

"दुसरी कोणी मोकळी नाहीये रे," ती हळूच म्हणाली. "ओठ बघ कसे सुकलेत त्यांचे..."

"आईचे नव्हते सुकले? तेव्हा कुठे होतीस? इथेच, दुसऱ्या कुणाच्या तरी उशाशी! जगाची माय, आणि घरच्यांना मात्र..."

ताईने बोळा पुन्हा पाण्यात बुडवला. आई गेली तेव्हापासून ती याबाबत गप्पच होती. खरं काय ते एका वाक्यात सांगता आलं असतं. पण ते वाक्य बाबांच्या काळजात सुरीसारखं उतरलं असतं, म्हणून तिने ते गिळलं होतं आणि भावाचा अबोला पदरात घेतला होता.

डॉक्टर सांगून गेले होते, आता फक्त त्रास कमी करायचा. हेच शब्द ती इतरांना किती शांतपणे समजावत असे! आज तिचं तिलाच ते समजेनात...

बाबांनी डोळे उघडले. नजर तिच्या चेहऱ्यावर फिरली, पण ओळख पटली नाही.

"सिस्टर... पाणी..."

तिने बोळा ओठांवरून फिरवला. भाऊ आडवा आला नाही.

"हात हलका आहे हो तुमचा," बाबा धापा टाकत म्हणाले. "माझी मुलगीही हेच काम करते. तिची आई आजारी होती ना, तेव्हा पोरीचा फोन आला, निघते म्हणून. मीच म्हटलं, येऊ नकोस, साधा ताप आहे, तुझे पेशंट सांभाळ... मला कळलंच नाही हो! सगळा बोल पोरीने स्वतःवर घेतला. मुलाला खरं सांगायचा मला धीर झाला नाही... तिला सांगाल? बाप चुकला म्हणावं."

"बाबा, मीच ती! बघा ना माझ्याकडे!"

बाबा अनोळखी माणसाकडे बघून हसावं तसं हसले. "सांगाल ना, सिस्टर?"

"सांगते, बाबा..."

भाऊ पांढराफटक पडला होता. "ताई, एका शब्दाने बोलली नाहीस?"

"बोलून आई परत येणार होती? वर बाबाही तुटले असते तुझ्यापासून."

तो स्टुलावरून उठला. "तू बस इथे..."

ती बसली. नाडी कळत होती, श्वास कळत होता, पुढे काय होणार तेही कळत होतं, आणि त्या कळण्याचा काडीइतकाही उपयोग नव्हता! दुपार कलता कलता बाबा गेले. तिला न ओळखताच.

पलीकडच्या खाटेवरून एक म्हातारे पुटपुटले, "सिस्टर, जरा बसतं करा हो..."

ती सवयीने उठू लागली. भावाने तिला खांदा धरून खाली बसवलं. "राहू दे, ताई. मी बघतो."

तो गेला खरा, पण हात कुठे घालावा तेच त्याला उमगेना.

"आधी मान सावर... मग पाठीखालून हात घाल," ताईने बसल्या जागेवरून सांगितलं, आणि इतका वेळ आवरलेला हुंदका तिला आता आवरेना.