मास्तरची परवानगी

हेमांगी बिराजदारांना खुर्चीत बसवत नव्हतं. बाहेर जतच्या माळावर आडवा वारा सुटला होता. धावपट्टीच्या टोकाशी निकिता मासाळ छोट्या विमानात एकटीच बसून होती. आणि इथे उड्डाणशाळेच्या ऑफिसात घोडं एकाच प्रश्नावर अडलं होतं. संस्था नोंदवायची कशी?

“अक्का, आता ठरव की!” धाकटा भाऊ श्रीशैल वैतागला.

सीए पारसनीसांनी पुन्हा समजावलं. “आत्ता तुम्हा दोघांची भागीदारी आहे. उद्या अपघात झाला, तर भरपाईत तुमचं राहतं घरसुद्धा जाईल. प्रायव्हेट लिमिटेड केलीत, तर कंपनीत घातलं असेल तेवढंच जाईल.”

“मग यात विचार कसला करायचा?” श्रीशैल म्हणाला.

विचार होता तो मास्तरचा. मास्तर म्हणजे विमानात बसवलेला यंत्रशिक्षक, सरकारनं नुकतीच मान्यता दिलेला. विद्यार्थ्याचे हातपाय, नजर, छातीचे ठोके सगळं टिपायचा आणि एकट्यानं उडायला कधी सोडायचं ते ठरवायचा. विम्याची जोखीमही तोच मोजायचा, म्हणून शाळेची कायदेशीर माहिती त्याला जोडलेली होती. अर्धं आयुष्य पोरांना उडायला शिकवण्यात घालवलेल्या हेमांगीबाईंना हे काही पचत नव्हतं.

मघाशीच तो निकिताला म्हणाला होता, “आज नाही. वारा आडवा असला की उतरताना सुकाणूच्या पेडलवर डावा पाय कमी पडतो.” पोरगी हिरमुसली; पण वारा पडेल या आशेवर हटून बसली होती.

“नुसतं बघू तरी,” म्हणत श्रीशैलनं मास्तरच्या पडद्यावर भागीदारीच्या जागी ‘प्रायव्हेट लिमिटेड’ घातलं.

रेडिओ खरखरला, मास्तरचा आवाज आला. “निकिता मासाळ, एकट्यानं उडायला परवानगी.”

विमानाचा पंखा फिरू लागला. बाईंनी झडप घालून माइक ओढला. “निकिता, थांब! जागची हलू नकोस!” मग मास्तरवर उखडल्या. “काय बदललं रे? वारा पडला?”

“नाही.”

“पोरीचा पाय सुधारला?”

“नाही. मालकाची जोखीम कमी झाली.”

“अरे वा रे वा! म्हणजे आमचं घर जाणार असेल तर आज नाही, आणि नुसती लोकांची पोर जाणार असेल तर खुशाल जा?”

पारसनीसांनी चष्मा पुसला. “सहकारी संस्था केली तर? विद्यार्थीच सभासद, विद्यार्थीच मालक. म्हणजे जोखीम त्यांच्याच जिवाची.”

श्रीशैलनं तेही घालून पाहिलं. मास्तर म्हणाला, “मालकाचाच जीव जोखमीत धरायचा, तर परवानगी नाही.”

“आज नाही?” बाईंनी विचारलं.

“कधीच नाही. जिवाची किंमत मोजता येत नाही.”

बाईंना हसू आलं, पण ते कडवट होतं. घ्या! एक शाळा पोरांना वाऱ्यावर सोडणारी, दुसरी कुणालाच न उडवणारी. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. या मास्तरचं जळणार तरी काय?

“श्रीशैल, कंपनी कर,” त्या म्हणाल्या. “पण एकट्यानं सोडायची परवानगी मास्तर देणार नाही. मी देणार, माझ्या सहीनं.”

“मॅडम, मग कंपनीची ढाल तुम्हाला उपयोगी पडणार नाही,” पारसनीस घाईनं म्हणाले. “चूक झाली, तर लोक थेट तुम्हालाच कोर्टात खेचतील.”

“अक्का, राहतं घर आहे ते!” श्रीशैलचा आवाज चिरकला.

“माहितीये रे मला.” त्यांना भीती वाटत होती, अगदी लपवता येणार नाही इतकी. तरी त्या वाऱ्यातून तरातरा चालत विमानाशी गेल्या, निकिताच्या शेजारी बसल्या आणि मास्तरचा खटका बंद केला. दोघींनी तीन फेऱ्या मारल्या. पहिल्यांदा उतरताना विमान भेलकांडलं, दुसऱ्यांदा थोडं, तिसऱ्यांदा म्हणायला सरळ आलं. म्हणायलाच.

निकितानं विमान थांबवलं. चेहरा घामानं थबथबलेला, डोळे चमकत होते.

“मॅडम, आता उतरता ना तुम्ही?”

हेमांगीबाईंनी दाराच्या कडीवर हात ठेवला. उतरून पोरीला एकटीला सोडायचं की नाही, हे आपण तिच्या पायाकडे बघून ठरवतोय, की आपल्या घराकडे?