फिटरच्या शिंका

श्रीरामपूरला आमच्या जिनिंगात नवा फिटर आला, बेलापूरचा कानिफनाथ. पहिल्याच दिवशी दारात आमची धडक झाली आणि माझ्या पाटीतला कापूस त्याच्या अंगावर सांडला. तो काहीतरी बोलणार... तोच शिंकला. मग हसला, आणि माझं कामातलं लक्ष उडालं ते उडालंच.

पुढे रोज तेच. जवळ यायचा, "राही, आयक की—" म्हणायचा, शिंकायचा आणि मान खाली घालून निघून जायचा. बरं, जायचा कुठं? कोपऱ्यावरच्या दवाखान्यात, सुवार्ता सिस्टरकडे. सिस्टर दिसायला देखणी, बोलायला गोड. माझा नुसता जळफळाट व्हायचा. एवढं काय झालंय मेल्याच्या नाकाला?

एका संध्याकाळी पदर खोचून मागोमाग गेले. दारातूनच दिसलं, सिस्टरची बोटं त्याच्या गालावर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"इथं दाबल्यावर ठणकतं? खाली वाकल्यावर?" ती विचारत होती.

"न्हाई."

"शेंबूड पिवळा, घट्ट? ताप?"

"न्हाई. नुसतं पानी गळतं. खाज लई."

"आणि सुट्टीच्या दिवशी?"

"शिंक न्हाई."

"मग सायनसमध्ये पू नाही झालेला. कापसाची धूळ तुम्हाला सोसत नाही. नाकाला फडकं बांधा. मागेही हेच सांगितलं, रोज कशाला येता?"

मी आत घुसले. "माझा बी गाल बघा. लई ठणकतोय."

"अजून हात कुठं लावलाय, बाई?" सिस्टरनं आम्हा दोघांकडे पाहिलं, आणि हसू दाबत आतल्या खोलीत गेली.

कानिफनाथ लाजून लाल झाला. "शिंक थांबायचं औषद पायजे हुतं... तुला लग्नाचं इचारायचंय. पन तोंड उघडलं की शिंक. शिंकंवर शुभ काम काडू न्हाई, आई म्हनती."

म्हणजे सिस्टरसाठी नव्हतंच! जीव भांड्यात पडला. राग मात्र सगळा गेला नाही.

"तर राही—" म्हणत तो जवळ आला. माझ्या केसांत दिवसभराचा कापूस. शिंकला, आणि निघाला. मी त्याची बाही धरली.

"शिंक तुमाला येती, मला न्हाई. मीच इचारते... माझ्याशी लगीन करता का?"

शिंकता शिंकता त्यानं मान डोलावली.

"मग उद्यापासनं गाल दाबून घ्यायला हितं यायचं न्हाई."