दुसरी मेणबत्ती

बसा. गौरी, तो दिवा बंदच राहू दे. ध्रुव, तू हसणार हे मला ठाऊक आहे.

"नाही हसत, आजोबा. पण चाळीस वर्षं प्रयोगशाळेत काढून तुम्ही भुताची गोष्ट सांगणार?"

भूत हा शब्द माझा नाही. मला जे सांगितलं गेलं, ते सांगतो. त्यातलं थोडं मी डोळ्यांनी पाहिलं. उरलेल्याची खात्री देऊ शकलो असतो, पण... ते ओघात येईल.

पास्कोल डाबरे. मूळचा वसईचा. आमच्या विभागात माझ्याशी मराठीत बोलणारा तो एकटाच. निवृत्त झाल्यावर त्यानेही इथेच, सर्जापूर रोडला, दोन गल्ल्या सोडून फ्लॅट घेतला. त्याची बायको रेजिना टाळेबंदीच्या तिसऱ्या दिवशी गेली. मूत्रपिंडाचा जुना आजार. हॉस्पिटलात पास्कोलला आत सोडलं नाही. दफनाला चार माणसं. चर्चला कुलूप, त्यामुळे तिच्यासाठी मिस्साची प्रार्थना नाही, गाणं नाही, काही नाही. मुलगी कॅनडात अडकलेली. रोज संध्याकाळी त्याचा मला फोन यायचा आणि तो एकच विचारायचा, "अरविंद, ती एकटीच गेली असेल का रे?"

मी म्हणायचो, "जेवलास का?"

त्यानंतर आला ईस्टरच्या आदल्या दिवसाचा शनिवार. अकरा एप्रिल दोन हजार वीस. त्या रात्री चर्चमधले सगळे दिवे मालवतात. फादर नव्या अग्नीवर एक मोठी मेणबत्ती पेटवतात. तिच्यावरून पहिला माणूस आपली पेटवतो, त्याच्यावरून शेजारचा, असं करत उजेड शेवटच्या बाकापर्यंत जातो. यात एक शिस्त असते. पेटलेली मेणबत्ती सरळ धरायची, न पेटलेलीने वाकायचं, म्हणजे मेण सांडत नाही. रेजिना एक्केचाळीस वर्षं बरोबर उलटं करायची. आपली पेटलेलीच वाकवायची. दर ईस्टरला पास्कोलच्या डाव्या बाहीवर मेणाचा थेंब. तो चिडायचा, शर्टाचं वाटोळं केलंस म्हणायचा. ती म्हणायची, "तू वाकायला उशीर करतोस. मी किती थांबू?"

त्या वर्षी लोकांना बंदी. फादर एकटेच मोबाइलसमोर मिस्सा म्हणणार आणि लोक घरून बघणार. हातोहात मेणबत्त्या पेटवणंही रद्द. पाच वाजता फादर आरोग्यराज यांचा पास्कोलला फोन आला. आवाज जात नव्हता, आणि चर्चमधली माइकची जोडणी पास्कोलनेच केलेली.

निघताना त्याने मला विचारलं, "येतोस का? आत नको, बाहेर थांब. रात्री घराचं कुलूप उघडताना सोबत कोणी असलं म्हणजे बरं. अजून सवय नाही."

मी एकोणसत्तर वर्षांचा. साखर वाढलेली. भाजीसुद्धा साबणाने धूत होतो. म्हणालो, "पास्कोल, नियम आहे रे." तो म्हणाला, "सरी." म्हणजे बरं. एवढंच.

गेला स्कूटरवर. आनेकलच्या रस्त्याला एक गाडी नव्हती. नाक्यावर पोलिसाने फादरांची चिठ्ठी वाचली आणि म्हणाला, "होगी अण्णा, बेगा होगी." लवकर जा. साडेसातपर्यंत माइक दुरुस्त झाला. फादर म्हणाले, "आलाच आहात तर शेवटच्या बाकावर बसा. पुढे येऊ नका. अंतर ठेवा."

मधे चौदा रिकामी बाकं.

पास्कोलच्या अंगात नवा शर्ट होता. रेजिनाने ईस्टरसाठी घेऊन ठेवलेला. खिशात एक कोरी मेणबत्ती. फेब्रुवारीतच तिने दोन आणल्या होत्या. दुसरी घरी, खणात. खिशातली पेटवायची नाही हे माहीत होतं, तरी सवयीने बरोबर घेतलेली. सवयीनेच तो बाकाच्या टोकाला बसला. डावीकडे जागा सोडून.

आठ वाजता दिवे गेले.

फादरांची मेणबत्ती पेटली. लांब. टाचणीच्या डोक्याएवढी.

त्याने आपली मेणबत्ती हातात धरली. उगाच.

मग पहिल्या बाकापाशी काहीतरी उजळलं. त्याला वाटलं, डोळ्यांत पाणी आहे म्हणून.

दुसरं बाक. तिसरं.

आवाज नाही. पावलं नाहीत. माणूस दिसत नाही. फक्त उजेड... एका बाकावरून मागच्या बाकावर. घाई नाही. जसा दरवर्षी येतो तसा.

दहावं. अकरावं.

फादर गात होते. त्यांची पाठ होती.

चौदावं...

मग डावीकडे. अगदी जवळ. गालाला ऊब लागली. त्याने मान वळवली नाही. ज्योत वाकली... पेटलेली ज्योत वाकली, ध्रुव. त्याच्याकडे.

आणि...

...

दिवे लागले. बाकं रिकामी.

सकाळी साडेसहाला तो माझ्या फाटकाबाहेर उभा होता. मी आत, तो सहा फुटांवर. त्याने डावा हात पुढे केला. नव्या शर्टाच्या बाहीवर मेणाचा थेंब. दुसऱ्या हातात मेणबत्ती. तिची वात पांढरीशुभ्र.

"पेटली का नाही?" मी विचारलं.

"मी हात मागे घेतला, अरविंद." त्याने वातीवरून अंगठा फिरवला. "फादर म्हणाले होते ना, अंतर ठेवा."

मी फाटक उघडलं नाही. तो रडत होता आणि मी फाटक उघडलं नाही.

मेणाचं कारण मी पुष्कळ शोधलं. मोठी मेणबत्ती चौदा बाकं लांब. शर्ट नवा. दुःखात माणसाला दिसतं, भासतं, हेही धरलं. एखाद्या वेळी त्यानेच घरी... नाही, ते मला म्हणवत नाही. पण रात्री कुलूप उघडताना मी सोबत असतो, तर आज ठामपणे सांगू शकलो असतो. एवढंच त्याने मागितलं होतं.

त्या रात्री घरी आल्यावर त्याने खण उघडला होता. कॅनडाला जाताना खणातली ती वस्तू तो माझ्याकडे ठेवून गेला. म्हणाला, तपासून बघ. पाच वर्षं झाली, मी तपासलेली नाही.

गौरी, त्या कपाटात पुठ्ठ्याची डबी आहे. आण. उघड.

ती दुसरी मेणबत्ती. बंद घरात, बंद खणात होती.

वात बघ. काळी आहे ना?